पैशाची मुदत आणि फंडाची निवड

आडतीच्या पेढीवर पैशाला नेहमीच मुदत असते. सोयाबीनची आवक दसऱ्याच्या सुमारास वाढू लागते, दिवाळीपर्यंत बाजार समितीचे आवार पोत्यांनी भरते आणि त्या दीड-दोन महिन्यांत शेतकऱ्यांच्या पट्ट्या चुकत्या करण्यासाठी पेढीला रोज रोकड हाताशी लागते. नवी तूर येते ती संक्रांतीच्या मागे-पुढे, त्यानंतर हरभरा. उन्हाळ्यात आवक ओसरते आणि जून उजाडला की बियाणे-खतांच्या दुकानांत उधारीची पाने भरू लागतात. कळंब असो, धाराशिव, उमरगा, भूम वा परंडा असो, जिल्ह्यातील व्यापाऱ्याला हे वेळापत्रक पाठ असते. हंगामाचा पैसा तो प्लॉटमध्ये अडकवत नाही आणि मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेल्या रकमेला माल उचलण्यासाठी सहसा हात लावत नाही.

तोच व्यापारी म्युच्युअल फंडाकडे वळतो तेव्हा मात्र त्याचा पहिला प्रश्न असतो : ‘गेल्या वर्षी सर्वांत जास्त कोणत्या फंडाने दिले?’ पैसा परत केव्हा लागणार, हा पेढीवरचा पहिला प्रश्न येथे शेवटी येतो, किंवा येतच नाही. परिणामी दोन वर्षांनी लागणारा पैसा शेअरच्या फंडात जातो आणि वीस वर्षांनी लागणारा पैसा बिनव्याजी चालू खात्यात पडून राहतो. तोटा दोन्हीकडे होतो. पहिला डोळ्यांना दिसतो, दुसरा कित्येक वर्षे दिसत नाही, एवढाच फरक.

फंडांचे प्रकार अनेक आहेत व त्यांची नावे गोंधळात टाकणारी आहेत. परंतु पैशाचे काम आणि त्याची मुदत आधी ठरवली, तर त्यांपैकी बहुतेक प्रकार आपोआप गळून पडतात आणि निवड दोन-तीन पर्यायांवर येऊन ठेपते.

युनिट चौसष्टने शिकवलेली गोष्ट

संसदेने १९६३ मध्ये केलेल्या कायद्यान्वये युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि १९६४ मध्ये तिची पहिली योजना, ‘यूएस-६४’, विक्रीस आली. युनिटची दर्शनी किंमत होती १० रुपये. पुढील तीन दशके मध्यमवर्गीय व व्यापारी घरांत ‘युनिट’ हा शब्द मुदत ठेवीच्या बरोबरीने उच्चारला जाई. दरवर्षी लाभांश येई, युनिटची खरेदी-विक्रीची किंमत ट्रस्टच जाहीर करी आणि मागे सरकार उभे आहे असा सर्वसाधारण समज होता.

प्रत्यक्षात योजनेच्या पोटात काय आहे, हे मात्र बदलत गेले होते. १९९० च्या दशकात तिच्या गुंतवणुकीत शेअरचा वाटा निम्म्याहून अधिक झाला. घोषित किंमत आणि आतील मालमत्तेची खरी किंमत यांत अंतर पडले. १९९८ मध्ये हे अंतर उघड झाले तेव्हा पैसे काढून घेण्यासाठी रीघ लागली. त्यानंतर काही सुधारणा झाल्या, पण २ जुलै २००१ रोजी ट्रस्टने यूएस-६४ ची विक्री आणि पुनर्खरेदी सहा महिन्यांसाठी थांबवल्याचे जाहीर केले. ज्यांनी हा पैसा ‘केव्हाही मिळणारा’ म्हणून ठेवला होता, त्यांना तो हवा त्या वेळी मिळेनासा झाला. पुढे सरकारने पाठबळ दिले, ट्रस्टचे विभाजन झाले आणि २००३ मध्ये युनिटधारकांना ६.७५ टक्के व्याजाचे करमुक्त रोखे देऊ करण्यात आले.

या प्रकरणातून घेण्याजोगी गोष्ट एकच. फंड सुरक्षित की धोक्याचा, हे त्याच्या नावावरून, मागील लाभांशावरून किंवा मागे कोण उभे आहे यावरून ठरत नाही. ते त्याच्या पोटात काय आहे आणि तो माल किती दिवसांत विकला जाऊ शकतो, यावरून ठरते. धान्याच्या व्यापाऱ्याला हे वेगळे सांगावे लागू नये. पोत्यावरची चिठ्ठी पाहून कोणी माल घेत नाही, पोत्यात बांबी घालून नमुना हातावर घेतो.

आज पोत्यात काय आहे, हे कळते

आता परिस्थिती बरीच बदलली आहे. सेबीने ६ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकाने फंडांची वर्गवारी ठरवून दिली. कोणत्या नावाच्या फंडाने कशात किती पैसा ठेवायचा, हे त्यामुळे बांधले गेले. फंडाची युनिटे रोजच्या निव्वळ मालमत्ता मूल्याने, म्हणजे एनएव्हीने, दिली-घेतली जातात आणि योजनेतील गुंतवणुकीची यादी दरमहा प्रसिद्ध करावी लागते. प्रत्येक योजनेवर ‘रिस्कोमीटर’ हे धोक्याचे मापक असते. जानेवारी २०२१ पासून त्याचे सहा टप्पे आहेत, अगदी कमी धोक्यापासून अति उच्च धोक्यापर्यंत.

एक बाब मात्र आरंभीच लक्षात घेतली पाहिजे. बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती मर्यादा एका बँकेत एका ठेवीदारामागे व्याजासह ५ लाख रुपये आहे. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही आणि म्युच्युअल फंडालाही नाही. फंडाची मालमत्ता फंड चालवणाऱ्या कंपनीच्या मालमत्तेपासून वेगळी, विश्वस्तांच्या देखरेखीखाली असते. त्यामुळे कंपनी अडचणीत आली तरी ती रक्कम तिच्या देणेकऱ्यांकडे जात नाही. परंतु बाजारात भाव पडला, तर तो तोटा युनिटधारकाचाच असतो.

पहिला कप्पा : हंगामाचा पैसा

एका वर्षाच्या आत लागणारी रक्कम पहिल्या कप्प्यात येते. येथे फंडाचा विचार करण्यापूर्वी एक जुना हिशेब करावा. पेढीचे बँकेत कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी खाते असेल आणि त्यात उचल शिल्लक असेल, तर मोकळा पैसा आधी त्या खात्यात भरावा. सीसीवर व्याज रोजच्या शिल्लक उचलीवर लागते, आणि ते कोणत्याही अल्पमुदतीच्या फंडाच्या उत्पन्नापेक्षा साधारणतः जास्तच असते. एका हाताने दहा-अकरा टक्क्यांनी कर्ज वापरायचे आणि दुसऱ्या हाताने सहा-सात टक्क्यांच्या अपेक्षेने फंड घ्यायचा, हा व्यवहार चोपड्यात कधीच जुळत नाही. हंगामात गरज पडली की तीच मर्यादा पुन्हा उचलता येते.

सीसी नसेल किंवा ती फेडून रक्कम उरत असेल, तर लिक्विड फंड योग्य ठरतो. हा फंड ९१ दिवसांपर्यंत मुदत असलेल्या कागदांत पैसा ठेवतो : सरकारची ट्रेझरी बिले, बँकांची ठेव प्रमाणपत्रे, मोठ्या कंपन्यांचे अल्पमुदतीचे रोखे. कामकाजाच्या दिवशी दुपारी तीनच्या आत मागणी नोंदवली, तर पैसे सर्वसाधारणपणे पुढील कामकाजाच्या दिवशी खात्यात येतात. सात दिवसांच्या आत काढल्यास थोडा निर्गमन आकार लागतो. त्यामुळे आठवडाभरात लागणारी रोकड बँकेतच असावी. त्याहूनही सावध कुटुंबांसाठी ओव्हरनाइट फंड आहे. त्यातील कागद एका दिवसाच्या मुदतीचे असतात, उत्पन्न थोडे कमी आणि चढ-उतार जवळजवळ नाहीच.

घरखर्चाच्या सहा महिन्यांची रक्कमही याच कप्प्यात ठेवावी. मराठवाड्यात २०१२-१३ आणि २०१५-१६ या वर्षी पडलेला दुष्काळ अजून विस्मरणात गेलेला नाही. अशा वर्षी शेतकऱ्याकडील उधारी अडकते, दुकानाची उलाढाल निम्म्यावर येते, पण घराचा खर्च आणि मुलांची फी थांबत नाही. ज्या घरात हा राखीव पैसा असतो, त्याला पडत्या भावात सोने किंवा शेअर विकावे लागत नाहीत.

दुसरा कप्पा : एक ते पाच वर्षे

मुलाचा महाविद्यालयीन प्रवेश, घराची दुरुस्ती, ठरलेले लग्न, गोदामाची वाढ : या कामांची तारीख साधारण माहीत असते आणि ती पुढे ढकलता येत नाही. या पैशासाठी रोख्यांचे फंड, म्हणजे डेट फंड, येतात. त्यांच्यातही मुदतीप्रमाणे पायऱ्या आहेत. मनी मार्केट फंडातील कागद एका वर्षापर्यंतचे असतात. शॉर्ट ड्युरेशन फंडाची सरासरी मुदत एक ते तीन वर्षे असते. कॉर्पोरेट बाँड फंडाला किमान ८० टक्के रक्कम उत्तम पतमानांकन असलेल्या कंपन्यांच्या रोख्यांत ठेवावी लागते, तर बँकिंग व पीएसयू फंडाला तेवढीच रक्कम बँका व सार्वजनिक संस्थांच्या रोख्यांत. गिल्ट फंड सरकारी रोखे घेतो. तेथे पैसे बुडण्याची भीती नाही, परंतु व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांची किंमत उतरते आणि एनएव्ही काही काळ खाली येऊ शकते. नियम सोपा आहे : पैसा जितक्या वर्षांनी लागणार, त्याहून लांब मुदतीचे रोखे असलेला फंड घेऊ नये.

डेट फंडातही जास्त टक्क्यांचा मोह असतोच. ‘क्रेडिट रिस्क’ नावाच्या फंडांना किमान ६५ टक्के रक्कम खालच्या पतमानांकनाच्या रोख्यांत ठेवावी लागते. अशा कंपन्या जास्त व्याज देतात, कारण त्यांना उधार देणारे कमी असतात. २३ एप्रिल २०२० रोजी, करोनाच्या टाळेबंदीत, फ्रँकलिन टेम्पल्टनने आपल्या सहा डेट योजना गुंडाळत असल्याचे जाहीर केले. त्यांत २५ हजार कोटींहून अधिक रुपये होते आणि एका योजनेच्या नावात तर ‘अल्ट्रा शॉर्ट’ हे शब्द होते. आतील रोखे तुलनेने खालच्या पतीचे होते, बाजारात त्यांना गिऱ्हाईक उरले नव्हते आणि पैसे मागणारे मात्र वाढले होते. न्यायालयीन प्रक्रियेनंतर फेब्रुवारी २०२१ पासून युनिटधारकांना टप्प्याटप्प्याने पैसे परत मिळत गेले. परंतु २०२० च्या जूनमध्ये ज्याला त्या पैशाची गरज होती, त्याच्या दृष्टीने ‘पुढे मिळाले’ या शब्दांना अर्थ नव्हता. गावात ज्याची पत सर्वांना माहीत असते, तोच जास्त व्याज देऊ लागला तर जाणता सावकार हात आखडतो. येथेही तीच रीत पाळावी.

तीन ते पाच वर्षांच्या पैशासाठी काही कुटुंबे मिश्र, म्हणजे हायब्रिड फंड निवडतात. त्यांतील कॉन्झर्व्हेटिव्ह हायब्रिड फंडात शेअरचा वाटा १० ते २५ टक्के असतो, तर अ‍ॅग्रेसिव्ह हायब्रिड फंडात तो ६५ ते ८० टक्के असतो. दोन्हींच्या नावात ‘हायब्रिड’ आहे, पण स्वभावाने ते दूरचे नातेवाईक आहेत. तारीख ठरलेल्या कामासाठी पहिलाच विचारात घ्यावा.

कराच्या दृष्टीने १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडांवरील नफा, तो कितीही वर्षांनी काढला तरी, उत्पन्नात मिळवून नेहमीच्या दराने करपात्र होतो. म्हणजे मुदत ठेवीवरील त्यांचा पूर्वीचा करलाभ राहिलेला नाही. कर फक्त पैसे काढताना लागतो, दरवर्षी व्याजावर नाही, एवढी सोय उरली आहे. म्हणून या कप्प्यात चांगल्या बँकेची मुदत ठेव आणि डेट फंड यांची तुलना शांतपणे करावी. ठेव जास्त सोयीची वाटली तर ती घेण्यात कमीपणा नाही.

तिसरा कप्पा : सात वर्षांच्या पुढे

वृद्धापकाळ, लहान मुलांचे उच्च शिक्षण, पुढच्या पिढीच्या व्यवसायाचे भांडवल : या पैशाला खरा शत्रू महागाई असतो. येथे शेअरचे, म्हणजे इक्विटी फंड, उपयोगी पडतात. परंतु त्यांची किंमत कशी हलते, ते आधी डोळ्यांसमोर असावे. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांपर्यंत गेला होता. मार्च २००९ मध्ये तो ८ हजारांच्या आसपास होता. जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांवर असलेला निर्देशांक २३ मार्च २०२० रोजी २६ हजारांच्या खाली आला. दोन्ही वेळा बाजार पुन्हा वर आला, पण तो कोणाच्या लग्नाची तारीख पाहून आला नाही. शंभराचे चाळीस झाले की पुन्हा शंभर होण्यासाठी दीडशे टक्के वाढ लागते. ज्याच्याकडे थांबायला वेळ आहे, त्यानेच येथे यावे.

इक्विटी फंडांतील मुख्य भेद कंपन्यांच्या आकाराचा आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्या लार्ज कॅप, १०१ ते २५० मिड कॅप आणि त्यापुढील सर्व स्मॉल कॅप. लार्ज कॅप फंडाला किमान ८० टक्के रक्कम पहिल्या गटात ठेवावी लागते. मिड आणि स्मॉल कॅप फंडांना आपापल्या गटात किमान ६५ टक्के. मल्टी कॅप फंडात तिन्ही गटांत प्रत्येकी किमान २५ टक्के असतात, तर फ्लेक्सी कॅपमध्ये हे प्रमाण व्यवस्थापक ठरवतो. कंपनी जितकी लहान, तितकी चढ आणि उतार दोन्ही तीव्र. पतल्या बाजारात मोठा माल एकदम विकायला काढला की भाव कसा कोसळतो, हे मोंढ्यात सर्वांनी पाहिलेले असते. स्मॉल कॅपमध्ये तेच घडते. एकाच उद्योगाचे, म्हणजे सेक्टर फंड, हे एकाच धान्यावर सगळे भांडवल लावण्यासारखे आहेत. व्यापारी कुटुंबाचे उत्पन्न आधीच एका जिल्ह्याच्या पावसावर अवलंबून असते. त्याच्या बचतीने तरी अनेक ठिकाणी पसरावे.

ज्यांना निवडीत डोके घालायचे नाही, त्यांच्यासाठी इंडेक्स फंड आहे. निफ्टी ५० सारख्या निर्देशांकात ज्या कंपन्या ज्या प्रमाणात असतात, त्याच हा फंड घेतो. येथे व्यवस्थापकाच्या हुशारीची भीती वा आशा नसते आणि खर्च कमी असतो. खर्चाचा मुद्दा किरकोळ नाही. १० लाख रुपये वीस वर्षे वार्षिक ११ टक्क्यांनी वाढले, तर सुमारे ८०.६ लाख होतात. १० टक्क्यांनी वाढले, तर सुमारे ६७.३ लाख. हे केवळ गणित आहे, परताव्याचे आश्वासन नव्हे. पण दरसाल एका टक्क्याचा खर्च अखेरीस १३ लाखांहून अधिक होतो, हे त्यातून कळते. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाची ‘डायरेक्ट’ योजना उपलब्ध आहे, ज्यात वितरकाचे कमिशन नसते. ‘रेग्युलर’ योजनेत ते असते. वितरक जाणता असेल, पडत्या बाजारात घाईने विकण्यापासून थोपवत असेल आणि कागदपत्रे सांभाळत असेल, तर त्याचे मोल आहे. केवळ अर्ज भरून देत असेल, तर ते कमिशन महाग पडते.

इक्विटी फंड एका वर्षानंतर विकल्यास वर्षभरातील १.२५ लाख रुपयांपुढील नफ्यावर १२.५ टक्के, आणि त्याआधी विकल्यास २० टक्के कर लागतो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने हे दर आणले. तीन वर्षे पैसा अडकवणारी ईएलएसएस योजना केवळ कर वाचवण्यासाठी घेण्याआधी आपण जुन्या करप्रणालीत आहोत की नव्या, हे पाहावे. नव्या प्रणालीत तिच्यावरील वजावट मिळत नाही.

हप्ता की रास

दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याची एसआयपी पद्धत पगारदारासाठी सोयीची आहे. किराणा, औषध किंवा कापडाच्या दुकानातही ती बसते, कारण तेथे रोजचा गल्ला असतो. भूम तालुक्यातील खव्याच्या व्यवसायातही पैसा नियमित फिरतो. आडत व्यापाऱ्याचे तसे नाही. त्याच्याकडे पैसा राशीने येतो आणि राशीने जातो. त्याने मोठ्या एसआयपीचा आग्रह धरला, तर ऐन हंगामात खात्यात शिल्लक नसते, हप्ता परततो आणि बँकेचा दंड पडतो. त्याच्यासाठी दुसरी वाट आहे : हंगाम संपल्यावर उरलेली दीर्घ मुदतीची रक्कम लिक्विड फंडात ठेवावी आणि तेथून दरमहा ठरावीक भाग त्याच कंपनीच्या इक्विटी फंडात जाईल अशी सूचना द्यावी. याला एसटीपी म्हणतात. रक्कम एकाच भावात अडकत नाही आणि खात्यावर ताणही येत नाही.

लाभांशाच्या आकर्षणाविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. फंडाचा ‘लाभांश’ हा वरून मिळालेला पैसा नसतो. तो युनिटधारकाच्याच एनएव्हीतून वजा होतो आणि त्यावर करही भरावा लागतो. म्हणूनच एप्रिल २०२१ पासून त्या पर्यायाचे नाव बदलून त्यात ‘भांडवलातून काढलेली रक्कम’ हा अर्थ स्पष्ट करण्यात आला. तसेच १० रुपयांना मिळणारे नव्या फंडाचे युनिट स्वस्त आणि ३०० रुपयांचे जुने युनिट महाग, हा समजही टाकून द्यावा. किंमत किती यापेक्षा आत काय आहे, हे महत्त्वाचे.

पैसा कोणत्या धंद्यात जातो

श्रावकाच्या आचारात पंधरा कर्मादानांचा, म्हणजे हिंसाबहुल धंद्यांचा, निषेध सांगितला आहे. दुकानात जी वस्तू ठेवली जात नाही, तिच्या कारखान्यात फंडामार्फत भागीदारी चालते का, हा प्रश्न अनेक जैन कुटुंबांत विचारला जातो आणि तो रास्त आहे. निफ्टी ५० मध्ये सिगारेट उत्पादन करणारी आयटीसी आहे. म्हणजे त्या निर्देशांकाच्या प्रत्येक इंडेक्स फंडात तिचा अंश असतो. शरियत निकषांवर चालणाऱ्या काही योजना मद्य व तंबाखू वगळतात, पण त्या बँकांनाही वगळतात आणि चामडे वा मांसप्रक्रियेविषयीचे त्यांचे निकष जैन आचाराशी जुळतीलच असे नाही. तेव्हा ज्या कुटुंबाला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, त्याने दरमहा प्रसिद्ध होणारी यादी वाचून असा व्यवस्थापित फंड निवडावा, किंवा त्या पैशापुरता रोख्यांचा मार्ग धरावा. सरकारी रोख्यांच्या फंडात हा प्रश्न जवळपास उरत नाही. कोणती मर्यादा पाळायची, हे प्रत्येक घराने ठरवावे. यादी न वाचता ठरवू नये, एवढेच.

एक हिशेब

समजा, कळंबच्या एका आडत पेढीच्या कुटुंबाकडे जानेवारीअखेर ३० लाख रुपये मोकळे आहेत. सीसीतील ८ लाखांची उचल आधी फिटावी. जूनमधील बियाणे-खतांच्या खरेदीसाठी ७ लाख लिक्विड फंडात जावेत. घरखर्च दरमहा ५० हजार असेल, तर सहा महिन्यांचे ३ लाख अर्धे बचत खात्यात, अर्धे लिक्विड फंडात राहावेत. दोन वर्षांनी मुलाच्या प्रवेशाला लागणारे ४ लाख मुदत ठेवीत किंवा मनी मार्केट फंडात. पाच वर्षांनी अपेक्षित लग्नासाठी वेगळे काढायचे ३ लाख कॉर्पोरेट बाँड किंवा कॉन्झर्व्हेटिव्ह हायब्रिड फंडात. उरलेले ५ लाख आई-वडिलांच्या उतारवयासाठी, पंधरा वर्षांच्या नजरेने, एसटीपीद्वारे वर्षभरात एखाद्या इंडेक्स किंवा फ्लेक्सी कॅप फंडात.

तीस लाखांपैकी शेअरच्या फंडाशी संबंध केवळ ५ लाखांचा आला. ‘सर्वांत चांगला फंड कोणता’ या प्रश्नावर घरात होणारी सारी चर्चा या ५ लाखांपुरतीच आहे. उरलेल्या २५ लाखांचे उत्तर कुटुंबाच्या दिनदर्शिकेनेच देऊन टाकले.

नावे आणि कागद

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात किल्लारीबरोबर या जिल्ह्यातील सास्तूर आणि परिसरातील गावे उद्ध्वस्त झाली. घर कोसळते तेव्हा घरातील कागदही त्याखाली जातात. आता फंडांची नोंद संगणकावर असते आणि पॅनवर सर्व कंपन्यांतील युनिटांचे एकत्रित विवरण मिळते. परंतु ती नोंद आहे, हे कुटुंबातील दुसऱ्या कोणाला माहीत नसेल, तर उपयोग शून्य. वैयक्तिक नावावरील प्रत्येक फोलिओला नामांकन असावे. एचयूएफ आणि भागीदारी पेढीच्या खात्याला नामांकन करता येत नाही. तेथे कर्त्यानंतर वा भागीदारानंतर काय, हे लेखी ठरलेले असावे. फंडाचा पैसा गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या बँक खात्यातूनच जावा लागतो. त्यामुळे पेढीच्या खात्यातून सुनेच्या नावाचा फंड घेण्याची घरगुती पद्धत येथे चालत नाही. आधी रक्कम तिच्या खात्यात रीतसर जावी, मग फंडात.

खात्रीच्या परताव्याचे आश्वासन देणारा कोणीही म्युच्युअल फंड विकत नसतो, हेही ध्यानात ठेवावे. वितरकाकडे अ‍ॅम्फीचा नोंदणी क्रमांक असतो आणि पैसे त्याच्या नावे कधीच द्यायचे नसतात.

दिवाळीत वहीपूजनाच्या निमित्ताने पेढीची सर्व खाती एकदा डोळ्यांखालून घातली जातात. त्याच दिवशी एका वेगळ्या पानावर तीन कप्पे मांडावेत, प्रत्येक रकमेपुढे तिचे काम व तिची तारीख लिहावी आणि तारीख जवळ आलेली रक्कम शेअरच्या फंडातून वेळेआधी, साधारण दोन वर्षे अगोदर, हळूहळू लिक्विड फंडाकडे वळवावी. परिग्रहाचे परिमाण ठरवणाऱ्या परंपरेला ‘किती पुरे’ हा प्रश्न नवा नाही. त्याच्या शेजारी ‘केव्हा हवे’ हा प्रश्न लिहिला, की फंडाचे नाव शोधणे हे शेवटचे आणि सर्वांत सोपे काम उरते.